उंबऱ्यांचीही नोंद हवी

एखादी जुनी निवासी वस्ती 'ऐतिहासिक' म्हणून घोषित करायचं ठरलं की आधी तिची पाहणी होते. अमेरिकेतल्या शहरांत या कामाची परंपरा आता शंभर वर्षांच्या घरात पोचली आहे आणि तिथले पाहणी-अहवाल खरोखर वाचण्यासारखे असतात. एकेका घराची नोंद असते. कधी बांधलं, कुणासाठी बांधलं, वीट कोणती, दगड कोणता, छपराखालची नक्षी मूळची की मागाहून बसवलेली, खिडकीला तावदानं किती, पुढच्या पायऱ्यांचा कठडा कधी बदलला. काही नोंदी इतक्या मायेने केलेल्या असतात की कधी न पाहिलेली गल्ली वाचता वाचता ओळखीची वाटू लागते. एक गोष्ट मात्र त्यांत सहसा सापडत नाही. त्या घरात आज किती बिऱ्हाडं राहतात?

मराठीत गावाचा आकार सांगताना आपण 'दोनशे उंबऱ्यांचं गाव' म्हणतो. उंबरा ही सुताराने केलेली एक वस्तू आहे आणि तोच एका कुटुंबाचा हिशेबही आहे. एका शब्दात नांदणारे हे दोन अर्थ ऐतिहासिक वस्त्यांच्या सगळ्या वादात मला फार मोलाचे वाटतात. माझं म्हणणं असं: निवासी वस्त्यांना कायद्याचं संरक्षण जरूर द्यावं, मी त्या बाजूची आहे. पण ते देताना दाराच्या चौकटीइतक्याच काळजीने उंबऱ्यांची मोजदाद करावी, आणि ते घटू नयेत हीसुद्धा जतनाचीच अट मानावी.

आधी एक घोळ निस्तरायला हवा, कारण सभांमध्ये निम्मी भांडणं त्यावरूनच होतात. अमेरिकेत दोन वेगळ्या गोष्टींना लोक एकच समजतात. १९६६ च्या राष्ट्रीय कायद्याने ऐतिहासिक स्थळांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. तिच्यात नाव येणं हा मान आहे, त्यामुळे काही करसवलतीही मिळू शकतात. पण मालक स्वतःच्या पैशाने स्वतःचं घर पाडायला निघाला, तर ही नोंदवही त्याचा हात धरू शकत नाही. हात धरण्याचं बळ असतं ते शहराने किंवा काउंटीने केलेल्या स्थानिक घोषणेत. तिथे समिती असते, बाहेरून दिसणारा बदल करण्याआधी तो वस्तीशी जुळतो असा तिचा अनुरूपतेचा दाखला घ्यावा लागतो, आणि पाडकामाला नकार मिळू शकतो.

हा फरक किती जीवघेणा ठरू शकतो, ते टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या फ्रीडमन्स टाउनमध्ये दिसतं. यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी वसवलेली ही वस्ती. १९८५ मध्ये तिचं नाव राष्ट्रीय नोंदवहीत गेलं. त्यानंतरच्या वर्षांत तिथली बहुतेक जुनी लाकडी घरं नाहीशी झाली. नोंदवहीत नाव होतं, रस्त्यावर घरं नव्हती. त्याच ह्यूस्टनने १९९५ मध्ये स्वतःचा जतन-कायदा केला तेव्हा त्यात एक मोठी पळवाट ठेवली होती: समितीने नकार दिला तरी नव्वद दिवस थांबून मालकाला हवं ते करता येई. ती वाट बुजवायला २०१० उजाडलं. म्हणून कुणी 'नुसता सन्मान द्या, सक्ती कशाला' असं म्हणतं, तेव्हा मला फ्रीडमन्स टाउन आठवतं. सक्तीशिवायचं जतन म्हणजे पुढे होणाऱ्या पाडकामाआधी काढून ठेवलेला फोटो.

स्थानिक सक्तीची सुरुवात झाली ती दक्षिण कॅरोलायनातल्या चार्ल्सटनमध्ये, १९३१ साली. जुन्या घरांच्या जागी पेट्रोलपंप उभे राहत होते, घरांमधलं कोरीव लाकूडकाम आणि लोखंडी जाळ्या काढून विकल्या जात होत्या. शहराने झोनिंगच्या, म्हणजे कुठे काय आणि किती बांधता येईल हे ठरवणाऱ्या, नियमांतच एक 'जुना आणि ऐतिहासिक' विभाग आखला आणि त्यावर समिती नेमली. देशातला हा अशा प्रकारचा पहिला विभाग. पुढे न्यू ऑर्लिन्सने १९३६ मध्ये लुइझियाना राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून घेऊन आपल्या फ्रेंच क्वार्टरला संरक्षण दिलं. न्यू यॉर्कला पेन्सिल्व्हेनिया स्टेशनची भव्य इमारत १९६३ पासून डोळ्यांदेखत पाडली जाताना पाहावी लागली, तेव्हा कुठे १९६५ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी ब्रुकलिन हाइट्स हा त्या शहराचा पहिला ऐतिहासिक विभाग ठरला. १९६७ मध्ये ब्रिटनने कायदा करून 'संवर्धन क्षेत्रं' आणली. स्टॅमफर्ड हे छोटं गाव पहिलं, आणि आज एकट्या इंग्लंडमध्ये अशी दहा हजारांच्या आसपास क्षेत्रं आहेत.

चार्ल्सटनच्या गोष्टीचा एक पदर मात्र या यशोगाथेत मागे पडतो. कायद्याच्या आधी दहा-वीस वर्षं सुझन प्रिंगल फ्रॉस्ट नावाची बाई तिथे मोडकळीला आलेली घरं विकत घेऊन वाचवत होती. ती मताधिकारासाठी लढणारी कार्यकर्ती होती, जमीन-घरांच्या खरेदी-विक्रीचा व्यवसाय करणारी होती, आणि या कामापायी तिने कर्ज डोक्यावर घेतलं. तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ती घरं रिकामी नव्हती. त्यांत बहुतांशी गरीब कृष्णवर्णीय भाडेकरू राहत होते. घरं दुरुस्त झाली आणि भाडेकरू गेले. ते कुठे गेले हे लिहून ठेवण्याची गरज त्या काळी कुणाला वाटली नाही.

लिहून ठेवणं अशक्य होतं असंही म्हणता येत नाही, कारण घरं पाडायची होती तेव्हा माणसं अगदी काटेकोर मोजली गेली. १९५४ चा बर्मन विरुद्ध पार्कर हा अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल उघडून पाहा. वॉशिंग्टनच्या नैर्ऋत्य भागातली एक जुनी वस्ती सरकारला ताब्यात घेऊन साफ करायची होती. निकालपत्रात आकडे आहेत: त्या भागात ५,०१२ माणसं राहत होती, त्यांतले ९७.५ टक्के कृष्णवर्णीय, ६४.३ टक्के घरं दुरुस्तीपलीकडची, ५७.८ टक्के घरांचं शौचालय बाहेर. दशांशापर्यंत हिशेब! न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी त्या निकालात लिहिलं की समाज निरोगी असावा तसा सुंदरही असावा, हे ठरवण्याचा अधिकार विधिमंडळाला आहे. त्या अधिकाराने वस्ती जमीनदोस्त झाली. आणि कायद्याच्या इतिहासातली सर्वांत चटका लावणारी कलाटणी अशी, की 'सुंदर असावा' हाच आधार पुढे जुन्या वस्त्या वाचवणाऱ्या कायद्यांना मिळाला. बुलडोझर आणि जतन-समिती या दोघांची सनद एकाच निकालात आहे.

म्हणूनच मला असं वाटतं की जतनाच्या चळवळीवर एक जुनं देणं आहे. पाडणाऱ्यांनी माणसं मोजली ती हटवण्यासाठी. जपणाऱ्यांनी ती मोजायची ठेवण्यासाठी.

आता 'माझं घर, माझी मर्जी' या आक्षेपाकडे वळते. तो हलका नाही. स्वतःच्या कमाईने घेतलेल्या घराची खिडकी बदलायला अर्ज, रेखाचित्रं, सुनावणी आणि महिनाभराची वाट, हे कुणालाही जाचक वाटेल. १९७८ मध्ये ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने न्यू यॉर्कचा जतन-कायदा सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. पण त्यातलं न्यायमूर्ती रेन्क्विस्ट यांचं विरोधी मत मला बहुमताइतकंच विचार करण्याजोगं वाटतं. त्यांचा मुद्दा असा होता की झोनिंगमध्ये शेजारी शेजाऱ्यासाठी सोसतो आणि बदल्यात त्याच्याकडून तेच मिळवतो; एकच इमारत वेचून तिच्यावर ओझं टाकलं की ही देवाणघेवाण उरत नाही.

हाच तर्क नीट पुढे नेला तर तो विभागाच्या बाजूने जातो. एकटी इमारत वारसा ठरवण्यापेक्षा आख्खी गल्ली ठरवणं अधिक न्याय्य आहे, कारण तिथे देवाणघेवाण पुन्हा जुळते. मी माझी पुढची भिंत राखते आणि समोरच्याने रातोरात काचेचा मनोरा उभारू नये याची हमी मिळवते. अशा वस्तीचं सौंदर्य कुठल्या एका घरात नसतंच. ते असतं छपरांच्या एका रेषेत, घरं आणि पदपथ यांच्यातल्या सारख्या अंतरात, दर वीस-पंचवीस फुटांवर येणाऱ्या दारात. या गोष्टी कुणा एकाच्या मालकीच्या नाहीत, आणि एकटा मालक त्या मोडू मात्र शकतो. नियम हवा तो इथे.

पण देवाणघेवाण खरी व्हायची तर खर्चाचा वाटाही खरा व्हायला हवा, आणि इथे व्यवस्था लंगडी आहे. खिडक्यांचंच घ्या. समितीपुढे येणाऱ्या अर्जांत सर्वांत जास्त वितंडवाद खिडक्यांवर होतो. जुनी लाकडी सरकखिडकी जुन्या जंगलातल्या, दाट वलयांच्या लाकडाची असते. तिची दोरी तुटली तर दोरी बदलता येते, तळपट्टी कुजली तर तेवढीच पट्टी बसवता येते, काच फुटली तर लांबी लावून नवी काच घालता येते. ती सुट्या भागांची आहे म्हणून शंभर वर्षं टिकली. तिच्या जागी येणारी प्लास्टिकची खिडकी बंद खोक्यासारखी असते. दोन काचांमधलं सील गेलं की आत धुकं धरतं आणि आख्खी खिडकी फेकावी लागते. जुन्या खिडकीबाहेर दुसरं तावदान लावलं, फटी बुजवल्या, तर थंडी अडवण्याचं बरंचसं काम तीच करते. तेव्हा दीर्घ पल्ल्यात समितीचा आग्रह शहाणपणाचा आहे, याबद्दल मला शंका नाही.

दीर्घ पल्ला परवडणं हीच मात्र अडचण आहे. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या म्हातारीला येत्या हिवाळ्याची काळजी असते. जुनी खिडकी दुरुस्त करणारा कारागीर शोधायचा, त्याचे दिवस मोजून पैसे द्यायचे, की दुकानातून तयार खिडकी आणून दुपारपर्यंत बसवून मोकळं व्हायचं? तिला मदत कुणाची? ऐतिहासिक इमारतीच्या दुरुस्ती-खर्चावर केंद्र सरकार वीस टक्के करसवलत देतं, पण ती उत्पन्न देणाऱ्या इमारतींना. भाड्याने देण्यासाठी इमारत सुधारणारी कंपनी ती घेऊ शकते. स्वतःच्या घरात राहणाऱ्या त्या म्हातारीला तिच्यातला छदामही मिळत नाही. कॅलिफोर्नियात १९७२ पासून मिल्स कायदा आहे. मालकाने किमान दहा वर्षांचा जतनाचा करार केला तर त्याचा मालमत्ता कर कमी होतो. चांगली सोय आहे, पण तिचा सर्वाधिक फायदा ज्याचं घर नुकतंच मोठ्या किमतीला विकत घेतलेलं आहे त्याला होतो, कारण मुळात जास्त कर त्याच्यावरच बसतो. चाळीस वर्षं तिथेच राहिलेल्याचा कर आधीच कमी असतो, त्याच्या पदरात फारसं काही पडत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दुरुस्तीचा निधी तयार नसेल तर घोषणा पुढे ढकलावी. आदेश आधी आणि मदत 'यथावकाश' असा क्रम लावला, की त्या यथावकाशात गरीब मालक घर विकतो आणि जतनाला नवा, ऐपतदार मालक मिळतो. समितीच्या दप्तरी तेव्हा सगळं उत्तम चाललेलं दिसतं. खिडक्या दुरुस्त, रंग योग्य, अर्ज वेळेवर.

आणि इथेच तो न मोजलेला उंबरा गळून पडतो.

न्यू यॉर्कची तपकिरी दगडाची रांगघरं पाहा. एकोणिसाव्या शतकात ती बहुतांशी एकेका सुखवस्तू कुटुंबासाठी बांधली गेली. विसावं शतक लागलं, ती कुटुंबं हलली आणि घरांच्या खोल्या झाल्या. मंदीच्या आणि युद्धाच्या काळात एकेका घरात अनेक बिऱ्हाडं राहू लागली. जिन्याच्या वळणावर स्वयंपाकाची शेगडी, मजल्याला एक न्हाणीघर, दारावर घंटांची रांग. नवे स्थलांतरित, एकटे कामगार, विधवा, नट, विद्यार्थी यांना शहरात पाय टेकायला जागा मिळाली ती या खोल्यांत. १९६० नंतर पुन्हा वारं फिरलं. नवे मालक आले, पार्टिशनं निघाली, खोल्या जोडल्या गेल्या, घर पुन्हा एका कुटुंबाचं झालं. काही ठिकाणी तर शेजारची दोन घरं आतून जोडून एक वाडा केला गेला. यांतलं काहीही जतनाच्या नियमाविरुद्ध नव्हतं. खाजगी घराच्या आत काय चालतं आणि त्यात किती जण राहतात, हा त्या समितीच्या अखत्यारीतला विषयच नाही. बाहेरचा दगड शाबूत राहिला, म्हणजे वारसा शाबूत राहिला.

यावर एक उत्तर नेहमी मिळतं: घर मुळात एका कुटुंबासाठीच होतं ना, मग ते मूळ पदावर आलं. या उत्तराने मी बराच काळ निरुत्तर होत असे. नंतर लक्षात आलं की 'मूळ' कुठलं, हे ठरवणाऱ्याने ठरवलेलं असतं. प्रत्येक ऐतिहासिक विभागाचा एक 'महत्त्वाचा कालखंड' कागदावर नक्की केला जातो. समजा तो १८७० ते १९१० असा ठरला. मग त्या चाळीस वर्षांतली प्रत्येक कंगोरी पवित्र होते आणि नंतरच्या साठ-सत्तर वर्षांतला बिऱ्हाडांचा इतिहास हा 'मूळ स्वरूपात झालेला बिघाड' ठरतो. मागच्या बाजूला कुणी भाडेकरूंसाठी बांधलेली खोली वस्तीच्या मूल्यात 'भर न घालणारी' म्हणून नोंदली जाते आणि ती पाडायला परवानगी सहज मिळते. घर बांधणाऱ्याने त्यात वीस वर्षं काढली असतील, खोल्या घेऊन राहणाऱ्यांनी सत्तर. तरी इतिहास पहिल्याचाच. चौकटीवरचा प्रत्येक थर इतिहास आहे असं आपण मानतो, मग घरात राहून गेलेल्या माणसांच्या थरांतला सर्वांत जाड थर खरवडून कसा काढायचा?

पॅरिसच्या ल मारे भागात हेच फार मोठ्या प्रमाणावर झालं. १९६२ मध्ये सांस्कृतिक मंत्री मालरो यांच्या पुढाकाराने फ्रान्समध्ये संरक्षित विभागांचा कायदा झाला. त्याने मारेचे सतराव्या शतकातले प्रासाद वाचवले, याबद्दल कृतज्ञ असायलाच हवं. पण त्या प्रासादांची अंगणं तोवर छोट्या कारखान्यांनी आणि कारागिरांच्या शेडनी भरून गेली होती. योजनेत ती अंगणं 'मोकळी' करायची होती. शेड गेल्या, कारागीर गेले, बिऱ्हाडं घटली. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनमध्ये एके काळी कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. १९५० मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्या भागासाठी खास कायदा केला आणि काही दशकांत ती वस्ती नाममात्र उरली. प्रामाणिकपणे सांगायचं तर तिथली गळती कायद्याच्या आधीच सुरू झाली होती, सगळा दोष कायद्याच्या माथी मारता येणार नाही. फिलाडेल्फियाच्या सोसायटी हिलमध्ये मात्र शहरानेच ठरवून नवे, सुस्थितीतले मालक आणले आणि जुन्या रहिवाशांना जागा सोडावी लागली.

हे अटळ असतं असं मला कुणी सांगू नये, कारण वेगळं करून दाखवणारी शहरंही आहेत. इटलीतलं बोलोन्या हे त्यांतलं सर्वांत धाडसी. १९७३ मध्ये तिथल्या नगरपालिकेने सार्वजनिक घरबांधणीचा पैसा शहराबाहेर नवे ठोकळे उभारायला न वापरता जुन्या शहरातल्या कामगारांच्या आणि कारागिरांच्या चिंचोळ्या घरांच्या दुरुस्तीला लावला. पिएर लुइजी चेर्वेल्लाती हे या योजनेमागचं प्रमुख नाव. जपायच्या गोष्टींच्या यादीत कमानींखालच्या लांबलचक ओसऱ्या होत्या, घरांचे साचे होते आणि त्यांत राहणारी माणसंही होती. सुरुवातीचा विचार घरं ताब्यात घेण्याचा होता. मालकांनी विरोध केला, तेव्हा करारांचा मार्ग निघाला: दुरुस्तीला मदत घ्या, बदल्यात भाडं आवाक्यात ठेवा आणि आहे ते बिऱ्हाड राहू द्या. ठरवलं होतं तेवढं सगळं काम पार पडलं नाही. तरी जुन्या शहराच्या मध्यभागी सामान्य माणसाला ठेवून जतन करता येतं, हे तिथे सिद्ध झालं.

अमेरिकेतही जॉर्जियातल्या सव्हाना शहरात ली अ‍ॅडलर या जतन-कार्यकर्त्याने १९७० च्या दशकात व्हिक्टोरियन डिस्ट्रिक्टमधली लाकडी घरं तिथल्याच गरीब कृष्णवर्णीय भाडेकरूंसाठी दुरुस्त करण्याचा प्रकल्प उभा केला आणि भाड्यासाठी केंद्राच्या अनुदानाचा आधार घेतला. त्याच अ‍ॅडलर यांनी आधी शहराच्या मुख्य ऐतिहासिक भागात घरं वाचवली होती आणि तिथून गरीब कसे बाहेर पडले ते पाहिलं होतं. पाहिलेल्या गोष्टीवरून शिकणारा माणूस सार्वजनिक जीवनात विरळा, म्हणून हे उदाहरण मला विशेष प्रिय आहे.

उंबरे कायद्याने मोजता येतात का? येतात. सान फ्रान्सिस्कोने १९८१ पासून तेच केलं आहे. तिथल्या निवासी हॉटेलांतल्या एकेका खोलीची, जिच्यात म्हातारे, एकटे, कमी कमाईचे लोक कायमचे राहतात, शहराकडे नोंद आहे. खोली पर्यटकांसाठी वळवायची किंवा पाडायची तर तिच्या बदल्यात दुसरी खोली द्यावी लागते किंवा तिची किंमत भरावी लागते. हा कायदा वास्तुशैलीसाठी केलेला नाही. पण चायनाटाउनसारख्या वस्तीत जे काही टिकलं आहे, त्यात या खोल्यांच्या नोंदवहीचा वाटा मोठा आहे. जतन-समितीच्या कपाटात जी वही नाही, ती शहराच्या दुसऱ्या खात्यात पडून आहे. दोन्ही वह्या एका टेबलावर आणणं एवढंच काम आहे.

उलट दिशेचा गैरवापरही वाढतो आहे आणि त्याबद्दल जतनवाद्यांनी गप्प बसू नये असं मला कळकळीने वाटतं. कॅलिफोर्नियात २०२२ च्या सुरुवातीला एक कायदा अमलात आला. एका घरापुरत्या राखीव भूखंडावर दोन घरं बांधायला किंवा भूखंडाचे दोन भाग करायला त्याने मुभा दिली, मात्र ऐतिहासिक विभागांना त्यातून वगळलं. लगेच काही ठिकाणी इतिहासाचं प्रेम उफाळून आलं. पासादेना शहराने वस्त्यांना या सवलतीत बसवण्यासाठी घाईने केलेल्या स्थानिक नियमावर राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी आक्षेप घेतला. सान फ्रान्सिस्कोतल्या सेंट फ्रान्सिस वुड या प्रशस्त बागाबंगल्यांच्या वसाहतीचं नाव त्याच वर्षी राष्ट्रीय नोंदवहीत गेलं. त्या वसाहतीची आखणी उत्तम आहे, यात वाद नाही. तिच्या मूळ करारपत्रांत गोऱ्यांखेरीज इतरांना घर घेण्यास मनाई होती, हाही तिच्या इतिहासाचाच भाग आहे. जी वसाहत माणसं बाहेर ठेवण्यासाठी आखली गेली, तिला जतनाच्या नावाखाली पुन्हा माणसं बाहेर ठेवू देणं, म्हणजे इतिहास जपण्याऐवजी त्याची पुनरावृत्ती करणं होय.

विरोधक म्हणतात की ऐतिहासिक विभागांमुळे घरांचा तुटवडा वाढतो. विभाग घोषित झाला की त्याच्या हद्दीत नवं बांधकाम घटतं, हे खरं आहे आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. पण सगळे विभाग एका मापाने मोजता येत नाहीत. ग्रीनिच व्हिलेजसारख्या वस्तीत, जिथे १९६९ मध्ये दोन हजारांहून अधिक इमारतींना संरक्षण मिळालं, आजही नव्या उपनगरांच्या कितीतरी पट दाटीने माणसं राहतात. चार-पाच मजल्यांच्या अशा गल्ल्या आज नव्याने बांधायच्या म्हटलं तर अमेरिकेतल्या बहुतेक शहरांचे नियम परवानगीच देणार नाहीत. त्या पाडून तुटवडा फारसा हटणार नाही. तुटवड्याचं मूळ आहे ते शहरांतल्या अफाट निवासी जमिनीवर, जिथे एका भूखंडावर एकच घर असा नियम आहे. ऐतिहासिक विभागाचा शिक्का त्या नियमाला चिलखत म्हणून मिळू लागला, की मात्र विरोधकांचा आरोप खरा ठरतो. दाट वस्ती जपणारी घोषणा आणि विरळ वस्ती गोठवणारी घोषणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या ओळखायला उंबऱ्यांच्या मोजणीशिवाय दुसरं साधन मला दिसत नाही.

मग नेमकं करायचं काय? पाहणी-अहवालात प्रत्येक घरापुढे आज तिथे किती बिऱ्हाडं आहेत, पन्नास वर्षांपूर्वी किती होती, भाड्याची किती आणि मालकाची किती, हे नावं न घेता नोंदवावं. जुन्या जनगणनेच्या कागदांतून, शहर-निर्देशिकांतून ही माहिती निघते. वास्तुशैलीसाठी संशोधक ते कागद तसेही चाळतातच. बिऱ्हाडांची संख्या कमी करणारा बदल, मग तो बाहेरून अजिबात दिसत नसला तरी, पाडकामाइतक्याच गांभीर्याने तपासावा. आणि संख्या वाढवणाऱ्या बदलाला, म्हणजे माळ्यावर, तळघरात, मागच्या अंगणात किंवा मोकळ्या कोपऱ्यावर होणाऱ्या नव्या घराला, रस्त्यावरून दिसणारी रेषा मोडत नसेल तर सहज परवानगी द्यावी. घोषणेमुळे त्या वस्तीत कायद्याने मावणारी घरं कधीही कमी होऊ नयेत, असं एक कलम घोषणेतच असावं.

याला व्यवहारी अडचणी आहेत. दोन लहान घरं जोडून तिथेच राहू पाहणाऱ्या, पोरं वाढलेल्या कुटुंबाला काय सांगायचं? मला वाटतं, त्याला वाट द्यावी, पण दोन उंबरे एक होताना तिसरा कुठे उघडतो आहे ते विचारावं. त्याच गल्लीत मागची खोली भाड्याने देणारा एखादा शेजारी पुढे येत असेल तर हिशेब जुळतो. समित्यांवर वास्तुतज्ज्ञ आणि इतिहासकार असतात, तसे भाडेकरूही असावेत. आजवर सुनावणीची नोटीस मालकाच्या नावाने निघते. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत बारा वर्षं राहणाऱ्याला आपण ऐतिहासिक वस्तीत राहतो हे कळतं, ते बरेचदा घरभाडं वाढल्यावर.

तुमच्या गल्लीत असा प्रस्ताव आला, तर सभेला जरूर जा आणि जमेल तर बाजूने बोला. बोलण्याआधी अहवाल मागून घ्या. त्यात तुमच्या दाराचं वर्णन असेल, कदाचित तुम्हालाही ठाऊक नसलेल्या तपशिलांसह. मग दाराच्या आत कोण राहतं याचा रकाना कुठे आहे, ते विचारा. तो नसेल तर तिथेच, सगळ्यांसमोर, तो आखून घ्या.